कामाचं नाव बदललं की गाडीच्या इन्शुरन्सचा आकडा बदलतो का?

मंगळवार_पेठ:
मंडळी, एक विचारायचं होतं. माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो, एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे. तिथलं लायसन्स काढलं, आता सेकंडहँड गाडी बघालाय. गाडी परवडती, इन्शुरन्स परवडंना. काल फोनवर म्हणाला, मामा, वेबसाइटवर कामाच्या रकान्यात 'शेफ' टाकलं तर एक आकडा येतोय आणि 'किचन मॅनेजर' टाकलं तर शंभर पौंडाच्या वर कमी येतोय, बाकी गाडी तीच, पत्ता तोच, वय तेच. आणि पोरगं दोन्ही कामं करतंय, स्वयंपाकही आणि माल मागवणं, पोरांच्या ड्युट्या लावणंही. आता त्यानं काय लिहावं? हे कायदेशीर आहे का? आणि आपल्याकडं असलं काही असतं का? माझं स्वतःचं रिन्यूअल या महिनाअखेरीला आहे, एमएच-०९ ची (कोल्हापूर पासिंग) १२०० सीसी हॅचबॅक, आजवर एजंटानं एकदाही 'तुम्ही काय करता' विचारलेलं नाही.

तिकटीवरचा:
आमच्या एजंटाला मी तालमीत जातो एवढंच माहीत आहे, त्याचा हप्त्यावर काय परिणाम झालेला दिसत नाही. उलट दरवर्षी वाढतोयच.

कळंब्याची_सई:
आपल्याकडं नसतं असं नाही. मी शाळेत शिक्षिका आहे. मागच्या वर्षी ऑनलाइन पॉलिसी काढताना एका कंपनीच्या फॉर्मवर व्यवसाय विचारला होता, शिक्षक निवडल्यावर थोडी सवलत दिसली. दुसऱ्या कंपनीच्या फॉर्मवर तो रकानाच नव्हता. म्हणजे कंपनी-कंपनीवर आहे.

बर्मिंगहॅमचा_पावणा:
मंगळवार पेठवाले काका, मी मूळचा फुलेवाडीचा, इकडं बरीच वर्षं आहे. भाच्याला सांगा की तो जे बघतोय ते अगदी नेहमीचं आहे, वेबसाइट बिघडलेली नाही. इथं फॉर्मवर दोन रकाने असतात, एक काम आणि दुसरा कामाचा उद्योग. टाइप करायला लागलं की खाली यादी उघडते आणि त्या ठरलेल्या यादीतलंच एक निवडावं लागतं, स्वतःच्या मनानं लिहिता येत नाही. शेफ, कुक, केटरिंग मॅनेजर, किचन स्टाफ ही सगळी वेगवेगळी नावं आहेत आणि प्रत्येक कंपनीनं आपल्या जुन्या क्लेमच्या हिशोबावरून त्या-त्या नावाला कमी-जास्त जोखीम लावलेली असते. हॉटेलवाले रात्री उशिरा, दमून घरी जातात, त्यामुळं शेफ महाग पडतो असं सांगतात. पत्रकार, खेळाडू, नटमंडळी यांनाही जास्त लावतात, कारण गाडीत कोण बसलंय आणि त्याला इजा झाली तर भरपाई किती द्यावी लागेल हाही हिशोब असतो. रिटायर माणसाला बहुतेक वेळा स्वस्त पडतं, बेकाराला महाग.

कायदेशीर आहे का, तर जे नाव खरं आहे ते निवडणं पूर्ण कायदेशीर. दोन-तीन नावं खरोखर लागू होत असतील तर त्यातलं स्वस्त पडणारं घ्या असं इथले पैशाचा सल्ला देणारे उघड सांगतात, नाव निवडून फरक दाखवणारी साधनंसुद्धा आहेत. पण खोटं निवडलं तर मात्र अवघड. २०१२ चा ग्राहक विमा कायदा आहे, त्यात ग्राहकानं चुकीची माहिती जाऊ नये म्हणून वाजवी काळजी घ्यायची असते. निष्काळजीपणानं चुकलं तर हप्ता जेवढा कमी भरला त्या प्रमाणात क्लेम कापतात. मुद्दाम खोटं सांगितलं असं ठरलं तर पॉलिसीच रद्द, क्लेम शून्य, आणि भरलेला हप्ताही कंपनी ठेवू शकते. वर पुढच्या प्रत्येक फॉर्मवर 'कधी पॉलिसी रद्द झाली होती का' हा प्रश्न जन्मभर मागं लागतो.

आणि एक महत्त्वाचं, भाच्याला विचारा की तो त्याच गाडीतून हॉटेलची डिलिव्हरी करणार आहे का. कारण इथं वापराचे प्रकार असतात, नुसतं घरगुती फिरणं, त्यात कामावर जाणं-येणं, मग धंद्याचा वापर. जेवणाच्या पार्सलची डिलिव्हरी यातल्या कशातच बसत नाही, त्याला वेगळं कव्हर लागतं. पदाचं नाव अचूक लिहून हे विसरला तर काही उपयोग नाही.

मंगळवार_पेठ:
डिलिव्हरीचं विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. थँक्यू भावा. आज रात्री विचारतो.

सर्व्हेअर_०९:
मी या लाइनमध्ये आहे, गाड्यांचे क्लेम बघतो, कोल्हापूर-सांगली पट्ट्यात. आपल्याकडं चित्र वेगळं का आहे ते सांगतो, जरा लांबेल.

आपल्या पॉलिसीचे दोन भाग. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर. तो कायद्यानं सक्तीचा आणि त्याचा दर सरकार ठरवतं, कंपनी नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेले आकडे बघा, १००० सीसीपर्यंतच्या खाजगी कारला २,०९४ रुपये, १००० ते १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७, शिवाय १८ टक्के जीएसटी. यात तुम्ही कलेक्टर असा की कुस्तीचे वस्ताद, एक रुपयाचा फरक नाही. इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के सूट आहे.

दुसरा भाग ओडी, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान. याचे दर १ जानेवारी २००७ पासून मोकळे झाले, तेव्हापासून कंपन्या आपापलं गणित लावतात. सई ताईंना जी सवलत दिसली ती इथली. जुन्या टॅरिफचा, म्हणजे पूर्वीच्या ठरलेल्या दरपत्रकाचा पाया अजून सगळे धरतात, गाडीची आयडीव्ही (पॉलिसीवर धरलेली गाडीची किंमत), सीसी, वय आणि झोन. झोन ए मध्ये मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता, अहमदाबाद. बाकी सगळा देश झोन बी. म्हणजे एमएच-०९ ला झोन बी. पुण्यातनं एमएच-१२ गाडी आणून इथं चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवा, झोन रजिस्ट्रेशनवर ठरतो, तुम्ही रोज रंकाळ्यावर पार्क करता म्हणून नाही.

आता नोकरी का विचारत नाहीत? कारण आपल्याकडं विमा मुख्यतः गाडीचा असतो. मालकाच्या परवानगीनं, वैध लायसन्स असलेल्या कोणीही चालवली तरी कव्हर चालू. आज तुम्ही, उद्या मुलगा, परवा ड्रायव्हर. मग पॉलिसीवर मालकाचं पद लिहून कंपनीला काय कळणार? इंग्लंडात पॉलिसीवर ज्यांची नावं आहेत त्यांनीच चालवायची, म्हणून तिथं माणूस मोजतात. आपल्याकडं लोखंड मोजतात.

बर्मिंगहॅमचा_पावणा:
अगदी बरोबर. इकडं माझ्या गाडीला माझा सख्खा भाऊ हात लावू शकत नाही, नाव नसेल तर. आणि विनाविमा सापडला तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट.

उद्यमनगरचा_राजा:
सर्व्हेअर साहेब भारी समजावलंत. एक शंका, आमची फौंड्री आहे, मी माझ्या कारच्या डिकीतनं कास्टिंगचे पीस शिरोलीला गिऱ्हाइकाला दाखवायला नेतो. कधी घाई असली की चार-सहा पेट्या मालही टाकतो, टेम्पो कुठं बोलवायचा तेवढ्यासाठी. गाडी माझ्या नावावर, खाजगी पॉलिसी. चालतंय ना?

सर्व्हेअर_०९:
राजाभाऊ, पॉलिसीच्या कागदावर वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, चार ओळी, कोणी वाचत नाही. खाजगी कार कशालाही वापरा, पण भाड्यानं नाही, मालवाहतुकीला नाही, शर्यतीला नाही आणि मोटार व्यवसायाच्या कामाला नाही. मालवाहतुकीला एक अपवाद स्पष्ट लिहिलाय, सॅम्पल आणि वैयक्तिक सामान. म्हणजे दाखवायला नेलेला पीस चालतो. विकलेल्या मालाच्या पेट्या चालत नाहीत. मालाचं चलन किंवा बिल गाडीत सापडलं की तो सॅम्पल राहत नाही.

आणि हे कळतं बरं का. मागची सीट उलटून बघितली की सगळं दिसतं. सीटचे बोल्ट काढून-लावून चकाकलेले असतात, डिकीच्या पत्र्यावर पेटीच्या कडांच्या सरळ घासलेल्या रेघा, मॅटखाली कास्टिंगची काळी वाळू. दुधाचे कॅन नेणाऱ्या गाडीत गोल गोल पोचे असतात, एकाच मापाचे. मी फोटो काढतो, तो रिपोर्टला लागतो. तुमच्या पदाचं नाव मला कोणी विचारत नाही, पण गाडी कशाला वापरली हा रकाना माझ्या फॉर्मवर असतोच.

उद्यमनगरचा_राजा:
बाप रे. उद्यापासनं पेट्या बंद, टेम्पोच सांगतो.

गॅरेजवाला_पप्पू:
मोटार व्यवसायाचं म्हणालात, म्हणजे आमचं काय? गिऱ्हाइकाची गाडी काम झाल्यावर ट्रायलला कावळा नाक्यापर्यंत नेतो की आम्ही रोज. ठोकली तर?

सर्व्हेअर_०९:
तिथं वाद होतो, पप्पूशेठ. त्यासाठी मोटार ट्रेडची वेगळी पॉलिसी असते, गॅरेजच्या नावानं काढायची. ट्रायल लांब नेत असाल तर काढाच.

राजारामपुरी_७वी_गल्ली:
विषय कुठनं कुठं गेला. मला मूळ मुद्द्यावर बोलायचंय. हे कामावरून पैसे कमी-जास्त करणं मला अजिबात पटत नाही. स्वयंपाकी रात्री उशिरा घरी जातो म्हणून महाग? मग त्याच हॉटेलचा मालक पण रात्रीच जातो की, त्याला मॅनेजर म्हणून स्वस्त? ज्याचा पगार कमी त्यालाच हप्ता जास्त, हा कुठला न्याय. चालक कसा चालवतो ते बघा, काय काम करतो ते कशाला.

पन्हाळा_रोड_वकील:
गल्लीसाहेबांच्या म्हणण्याला कायद्यातही आधार मिळालेला आहे, आपल्याकडं नाही, बाहेर. कॅलिफोर्नियात १९८८ साली लोकांनी मतदान करून एक नियम आणला, प्रॉपोझिशन १०३. त्यात ठरलं की कारच्या हप्त्यात सगळ्यात वजनदार तीन गोष्टी असल्या पाहिजेत, आधी चालकाचा अपघात आणि दंडाचा इतिहास, मग वर्षाला किती मैल चालवतो, मग किती वर्षं चालवतोय. बाकी सगळं त्याच्या खाली. युरोपात तर स्त्री-पुरुष भेद करून दर लावणं २१ डिसेंबर २०१२ पासून बंद आहे, युरोपीय न्यायालयाच्या मार्च २०११ च्या निकालामुळं. तेव्हा काय मोजायचं आणि काय नाही हे समाजानंच ठरवायचं असतं, कंपनीच्या आकडेमोडीवर सोडून द्यायचं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

निवृत्त_बँकवाला:
वकीलसाहेब, मी थोडा विरोधात बोलतो. विमा म्हणजे सगळ्यांनी एका भांड्यात पैसे टाकायचे आणि ज्याचं नुकसान झालं त्यानं काढायचे. रोज १०० किलोमीटर फिरणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी आणि मी, जो रविवारी फक्त जोतिबाला जाऊन येतो, दोघांनी सारखंच टाकायचं का? पदावरून अंदाज बांधणं ओबडधोबड आहे हे मान्य, पण अंदाज तर बांधावाच लागतो.

राजारामपुरी_७वी_गल्ली:
काका मग किलोमीटर मोजा की सरळ! पद कशाला मध्ये आणताय.

सर्व्हेअर_०९:
तेही सुरू झालंय. विमा नियामकानं जुलै २०२२ मध्ये ओडीसाठी त्याला परवानगी दिली. जेवढं चालवाल तेवढं भरा आणि जसं चालवाल तसं भरा, असे दोन्ही प्रकार. शिवाय एका मालकाच्या अनेक गाड्यांना एकच फ्लोटर, म्हणजे सामाईक पॉलिसी. बँकवाल्या काकांसारख्यांनी रिन्यूअलला हे नक्की विचारावं, रविवारपुरत्या गाडीला शिक्षकाच्या किंवा डॉक्टरच्या सवलतीपेक्षा यात जास्त वाचू शकतं.

निवृत्त_बँकवाला:
हे माहीत नव्हतं, विचारतो. मला वाटतं या धाग्यावर मला आणि गल्लीला एकमत होण्याचा रस्ता सापडला.

तिकटीवरचा:
एकमत झालं म्हणजे मिसळ तुमच्याकडनं काका. कट जास्त.

कळंब्याची_सई:
मिसळीला मी पण. पण त्याआधी एक गंभीर विचारते. माझी शिक्षकाची सवलत किती मोठी आहे नक्की? म्हणजे त्या एका कारणासाठी कंपनी बदलावी का?

सर्व्हेअर_०९:
ताई, उदाहरण घेऊ. पाच वर्षांच्या आतली १२०० सीसी गाडी, आयडीव्ही ६ लाख, झोन बी. जुन्या टॅरिफचा मूळ दर ३.१९१ टक्के, म्हणजे ओडी १९,१४६ रुपये. हा मूळ आकडा, कंपन्या त्यावर आपली सूट देतात, ती सोडून देऊ. समजा व्यवसायाची सवलत ५ टक्के धरली, तर साधारण ९५७ रुपये वाचले. आता एनसीबी बघा, म्हणजे नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दलची सूट. एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. त्याच १९,१४६ वर ५० टक्के म्हणजे ९,५७३. दहापट. आणि एनसीबी गाडीची नसते, माणसाची असते, गाडी विकली तर पत्र घ्या आणि नव्या गाडीला लावा, तीन वर्षांपर्यंत चालतं. लोक गाडीबरोबर एनसीबी पण विकून टाकतात असं समजून बसतात, फार वाईट वाटतं मला. आणि पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की ती गेली. तेव्हा सवलतीच्या मागं लागून रिन्यूअल लांबवू नका.

दुसरं, तीन-चार हजाराच्या ओरखड्यासाठी क्लेम करू नका. एनसीबी जाते, वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये आपल्या खिशातनं जातातच.

मंगळवार_पेठ:
म्हणजे माझ्या हॅचबॅकला पद बिद विसरून एनसीबी आणि आयडीव्ही बघू. आयडीव्ही कमी घेतली तर हप्ता कमी होतो ना?

सर्व्हेअर_०९:
होतो, आणि चोरी झाली किंवा गाडी पूर्ण गेली की तेवढीच कमी रक्कम मिळते. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा, म्हणजे किमतीतली घट, ठरलेला आहे, चार ते पाचला ५०. एजंट त्याच्याही खाली आणून 'स्वस्तात करून दिलं' म्हणत असेल तर सही करू नका.

शाहूपुरी_कुंभार_गल्ली:
सगळे पद आणि टक्के बोलालेत, आमच्या भागात एकच गोष्ट बघायची, पाणी. २०१९ ला आणि परत २०२१ ला आमची गाडी पाण्यात गेली. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, आणि ४३ च्या वर गेली की आमच्याकडं झोप नसते. पहिल्या वेळी आमच्या घरच्यांनी पाणी उतरल्यावर गाडी चालू करायला बघितली, इंजिन गेलं, आणि कंपनीनं इंजिनचं काही दिलं नाही. भांडलो, पत्रं लिहिली, उपयोग झाला नाही. इतर लोकांच्या सीट, वायरिंगचे पैसे आले, आमचं इंजिन तसंच राहिलं. दुसऱ्या वेळी इंजिन प्रोटेक्ट (इंजिनचं जादा कव्हर) होतं आणि कोणी चावीला हात लावला नाही, तेव्हा नीट मिळालं. लोकांना माझी कळकळीची विनंती आहे, जयंती नाल्याच्या काठावर, दुधाळीत, नागाळा पार्कच्या खालच्या बाजूला राहत असाल तर पावसाळ्याआधी पॉलिसी काढून बघा त्यात ते आहे का.

सर्व्हेअर_०९:
प्रत्येक शब्दाशी सहमत. पूर हा साध्या पूर्ण पॉलिसीत येतो, पण पाणी शिरलेलं इंजिन फिरवल्यामुळं जे तुटतं ते येत नाही, ते वेगळ्या ॲड-ऑनमध्ये, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायच्या कव्हरमध्ये. आम्ही पहिल्यांदा एअर फिल्टरचा डबा उघडतो. आत फिल्टरच्या कागदावर गाळाची रेघ कुठंपर्यंत आहे ते दिसतं, त्यावरून पाणी इंजिनात ओढलं गेलं की नुसतं बाहेर उभं राहिलं हे कळतं. गाडी पाण्यात होती तर बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, कंपनीला कळवा, आणि टो करून न्या. चालू करून बघू नका.

मंगळवार_पेठ:
हे ॲड-ऑन माझ्या पॉलिसीत आहे का ते आत्ताच उघडून बघितलं. नाही. घेणार.

पन्हाळा_रोड_वकील:
वापराच्या मुद्द्यावर एक भर घालतो, कारण राजाभाऊ घाबरलेत. खाजगी गाडी भाड्यानं दिली, अपघात झाला आणि कंपनीनं क्लेम पूर्ण नाकारला, असं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं, २०१० चा निकाल आहे. कोर्ट म्हणालं, सरसकट शून्य करता येणार नाही, नॉन-स्टँडर्ड बेसिसवर, म्हणजे कपात करून, काही भाग द्या. तेव्हा नाकारल्याचं पत्र आलं म्हणून घरी बसू नका. पण याचा अर्थ मुद्दाम तसं वापरा असा घेऊ नका, कारण अर्धीमुर्धी रक्कम मिळवायला वर्षं जातात. आणि अपघातात तिसरा माणूस जखमी झाला असेल तर बऱ्याचदा कंपनी त्याला भरपाई देते आणि मग ती मालकाकडनं वसूल करते.

बर्मिंगहॅमचा_पावणा:
भाच्यासाठी आणखी दोन गोष्टी. इकडं एक लबाडी फार चालते, मामाच्या किंवा काकाच्या नावावर मुख्य चालक म्हणून पॉलिसी काढायची आणि चालवायची भाच्यानं. ती सरळ फसवणूक धरतात, कोणी सुचवलं तर ऐकू नका. अनुभवी माणसाचं नाव जादा चालक म्हणून टाकणं मात्र चालतं, तो खरंच अधूनमधून चालवत असेल तर, आणि त्यानं आकडा उतरू शकतो. दुसरं, गाडीत बॉक्स बसवून चालवण्यावर लक्ष ठेवणारी पॉलिसी नवख्यांना स्वस्त पडते. आणि पॉलिसी सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी कोट (हप्त्याचा आकडा) काढायला सांगा, आदल्या दिवशी काढलं की महाग पडतं.

कळंब्याची_सई:
त्याची भारतातली एनसीबी तिकडं चालते का?

बर्मिंगहॅमचा_पावणा:
बहुतेक कंपन्या धरत नाहीत ताई. काही धरतात, विचारायला लागतं. आणि इथलं लायसन्स काढलंय हे फार बरं केलं त्यानं, भारतातल्या लायसन्सवर इथं १२ महिनेच चालवता येतं.

मंगळवार_पेठ:
भाच्याशी बोललो, सगळं वाचून दाखवलं. डिलिव्हरी तो करत नाही, हॉटेलचा वेगळा माणूस आहे. फक्त कामावर जाणं-येणं. नेमणुकीच्या पत्रात त्याचं पद 'सेकंड शेफ' लिहिलंय, ड्युट्या आणि माल तो बघतो पण ते पत्रात कुठं नाही. म्हणाला, मामा, उद्या क्लेम आला आणि कंपनीनं हॉटेलला फोन केला तर ते काय सांगतील? शेफच सांगतील. म्हणून तो शेफच टाकणार आहे आणि बॉक्सवाली पॉलिसी बघतोय. मालकाकडं पद बदलून मागायचंही बोलणार आहे, कारण काम तर करतोच, मग पगारही वाढेल. मिळालं तर कंपनीला कळवून बदलून घेईल.

बर्मिंगहॅमचा_पावणा:
हुशार पोरगं आहे. मध्येच काम बदललं तर कळवायलाच लागतं इथं, ते बरोबर बोलला.

राजारामपुरी_७वी_गल्ली:
माझं मत बदललेलं नाही, पद मोजणं चूकच. पण पोरानं जे केलं ते पटलं.

शाहूपुरी_कुंभार_गल्ली:
सर्व्हेअर साहेब, आमच्या शेजाऱ्यांचा २०२१ चा नाही, आत्ताचा एक क्लेम अडकलाय, कंपनी 'वापर चुकीचा' म्हणून पत्र पाठवतीय. त्यांची किराणाची दुकान आहे, गाडीत दुकानाच्या दोन पिशव्या होत्या. कुठं जायचं?

सर्व्हेअर_०९:
आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं लेखी द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. आपल्या जिल्ह्याला पुण्याचं कार्यालय लागतं, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या उत्तरानंतर एक वर्षाच्या आत जायचं. गाडीचे अपघाताच्या जागेवरचे फोटो, पिशव्यांचे फोटो आणि बिलं सगळी जपून ठेवायला सांगा. पिशव्या घरच्या होत्या की दुकानाच्या, यावरच ठरेल, तेव्हा जे खरं आहे तेच लिहू दे.

पन्हाळा_रोड_वकील:
पत्राची प्रत मला खाजगी संदेशात पाठवा, अर्जाचा मसुदा बघून देतो. पैसे नकोत.